बांधलेल्याचा वेग

रेवप्पा मास्तरांना गणितात आकडे आधी घातलेले खपत नसत. पोरानं शाळेत उशिरा यावं, टोपी घरी विसरावी, मागच्या बाकावर डुलकी काढावी, मास्तर बघून न बघितल्यासारखं करत. पण गणित समोर आल्याबरोबर कुणी घाईघाईनं दिलेले आकडे त्यात कोंबले, की त्यांच्या कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे एकमेकांत मिसळत आणि ते म्हणत, "मारलंत त्याला." हे ते इतक्या मनापासून म्हणत, की खरंच कुणीतरी गेल्यासारखं वाटे. पुढं मी स्वतः जन्मभर कॉलेजात कॅल्क्युलस शिकवलं. तेच वाक्य मीही पोरांना हजारदा ऐकवलं असेल. पण माझ्या तोंडून ते नुसतंच मास्तरकीचं वाक्य निघायचं, पोरं हसायची.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. तेरहून मॅट्रिक होऊन आलेला, धाराशिवच्या सरकारी हायस्कुलात खालच्या वर्गांचा मास्तर. कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव, असा तो काळ. राज्य निजामाचं, शाळा उर्दूतून, आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. घरी मराठी बोलणारी पोरं शाळेत आली की त्रिकोणाला मुसल्लस म्हणायची आणि घंटा झाली की दोन्ही शब्द विसरून विटीदांडूकडं पळायची.

रेवप्पा मास्तर उमरग्याचे. लिंगायत कापडवाल्याचे चिरंजीव, वय पस्तिशीच्या आसपास, उंच आणि थोडे पोक काढून चालणारे. हैदराबादला उर्दूतून बी.ए. झालेले. त्यामुळं ते उर्दूत शिकवत, मराठीत रागवत आणि आकडे मोजायचे झाले की कानडीत मोजत. आकडा आईच्या भाषेतच खरा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. शेरवानीच्या ज्या खिशात बाकीचे मास्तर पानाची डबी ठेवत, त्या खिशात यांचे खडूचे तुकडे असत. नवं गणित सुरू करण्याआधी गळ्यातल्या लिंगाला बोट लावायचे, मग खडू काढायचे. चहा घेत नसत. वर्गात खुर्चीवर बसत नसत. त्यांच्या वर्गातल्या खुर्चीवर म्हणून कायम डस्टर बसलेलं असे.

आणि हा माणूस अडकलेला होता. हे सगळ्या शाळेला माहीत होतं, शिपायालासुद्धा.

उमरग्याला त्यांचे वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले होते. उजवी बाजू गेलेली, वाचा अर्धी. दुकान बंद पडलं होतं. त्यांचं सगळं करायला घरात एकटी सून, म्हणजे मास्तरांच्या पत्नी महादेवी, आणि पदरात नीला नावाची मुलगी. म्हाताऱ्याला तिथून हलवता येत नव्हतं, म्हणून बायकोला धाराशिवला आणता येत नव्हतं. उमरग्यातही सरकारी शाळा होती. तिथं बदली मिळावी म्हणून मास्तर चार वर्षं अर्ज करत होते. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि उन्हाळ्यात, ते घरी जात. एकदा दिवाळीहून परत आल्यावर त्यांनी शिक्षकांच्या खोलीत हसत हसत सांगितलं, की पोरगी दाराआड लपली आणि आईला म्हणाली, धाराशिवचे मास्तर आलेत. आम्हीही हसलो. मग त्यांनी आपला डबा उघडला, बघितला आणि परत झाकण लावून ठेवला.

बदली अडवणारा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या. आमचे हेडमास्तर, त्यांना तिकडं सदर मुदर्रिस म्हणत, अत्यंत सभ्य, मऊ बोलण्याचे, नमाजी गृहस्थ. मास्तरांवर त्यांचा जीव. दरवर्षी मॅट्रिकचा निकाल लागे आणि गणितात आमच्या शाळेचं एक पोर नापास होत नसे. मग साहेब स्वतः मास्तरांच्या गळ्यात हार घालत आणि त्याच दिवशी त्यांचा अर्ज पुन्हा टेबलाच्या खणात सारत. "मास्टर साब, आप गये तो ये मदरसा बैठ जाता," असं म्हणताना त्यांचे डोळे खरोखर ओलावत. इतक्या प्रेमानं अडकवणाऱ्या माणसाशी भांडावं कसं, हे मास्तरांना कधी उमगलं नाही.

बाकीचे मास्तर थट्टा करत. दोन वर्षं पोरं नापास करा, बदलीचा कागद घरी चालत येईल. मास्तर नुसते मान हलवत. पण एकदा त्यांनी ते मनावर घेतलं, हे मला नंतर कळलं. भूमितीचा एक सिद्धांत त्यांनी मुद्दाम अर्धाच सिद्ध केला आणि घंटा झाल्यावर, पुढचं सोपं आहे, पुस्तकात बघा, असं सांगून बाहेर पडले. संध्याकाळी पाच वाजता शिपायाला ते वर्गाच्या बंद खिडकीपाशी उभे दिसले. आत फळ्यावर अर्धी आकृती तशीच होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला शाळेआधी अर्धा तास बोलावून त्यांनी तो सिद्धांत तीन वेगवेगळ्या रीतींनी सिद्ध करून दाखवला. त्या वर्षीचा निकाल आदल्या वर्षीपेक्षाही चांगला लागला. मला म्हणाले, "निकाल वर गेला की म्या खाली जातो, तेरकर. दोघं एकाच दोरीला हाव." गावावरून ते मला तेरकरच म्हणत, आणि मी वयानं इतका लहान असूनही कधी अरे-तुरे केलं नाही.

शेवटी साहेबांनाच दया आली. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, की वरच्या वर्गाला गणित शिकवायला कमीत कमी गणित घेऊन इंटर, म्हणजे मॅट्रिकच्या पुढची परीक्षा, पास झालेला माणूस लागतो, कायदाच तसा आहे. शाळेत तसा दुसरा माणूस तयार करा. ज्या दिवशी तो पास होईल, त्या दिवशी तुमचा कागद मी माझ्या हातानं वर पाठवतो. मास्तरांनी सगळ्या शिक्षकांवरून नजर फिरवली. बाकीचे फारसी, अरबी आणि संसार यांत मुरलेले. मी बिनलग्नाचा होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. माझी निवड अशी झाली, अकलेवर नव्हे. मॅट्रिकला गणितात मी काठावरून सुटलो होतो, तेही त्यांना माहीत होतं.

तर मी बाहेरून इंटरला बसायचं, मी पास झालो की मास्तर सुटायचे. असा करार. तोंडीच, पण आम्हा तिघांना पक्का ठाऊक.

रोज सकाळी सहा ते आठ आमचा अभ्यास चाले. लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं म्हणून दिव्यावर अभ्यास नाही, आणि कागदही मिळत नव्हता म्हणून गणितं जमिनीवर. मास्तरांच्या खोलीला शहाबादी फरशी होती. एका फरशीत एक गणित, असा त्यांचा नियम. फरशीच्या बाहेर गणित गेलं, की ते म्हणत, विचार चुकला असंल, माघारी फिरा. मी उकिडवा बसून खडूनं लिहायचो आणि ते भिंतीला टेकून बघत राहायचे. आठला त्यांचा पाय पडला की सगळं पुसलं जायचं. दोन वर्षांत त्या खोलीच्या फरश्या पांढऱ्या पडल्या होत्या.

बीजगणित, भूमिती मी कशीबशी रेटली. घोडं अडलं ते कॅल्क्युलसला. उर्दू पुस्तकात त्याला एहसा म्हणत, आणि त्यातही एक प्रकार असा होता की मला तो बघूनच घाम फुटे. दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात, एकीचा वेग दिलेला असतो, दुसरीचा काढायचा. भिंतीला टेकलेली दहा हात लांबीची शिडी आहे. तिचा पाय भिंतीपासून सहा हातांवर असताना क्षणाला एक हात या वेगानं बाहेर सरकतोय. तर वरचं टोक त्या वेळी कोणत्या वेगानं खाली येतंय? मी काय करायचो, तर पायाचं अंतर सहा, म्हणून उंची आठ, असे आकडे लगेच भरून टाकायचो. सहाचा वर्ग छत्तीस, आठाचा चौसष्ट, बेरीज शंभर. मग वेग काढायला जावं तर उत्तर यायचं, शून्य बरोबर शून्य.

"खरं हाय," मास्तर म्हणाले, "पण मेलेलं खरं हाय. तुमी शिडीला चालता चालता खिळा ठोकला. आता ती कशाला हलंल? आधी चालू द्या तिला. चालतानाचं काय नातं हाय ते लिवा. आकडा मागून. सगळ्यात मागून."

त्यावर मी शहाणपणा केला. पायाच्या अंतराला क्ष आणि उंचीला य म्हणालो, आणि य ला एका बाजूला मोकळं करायला निघालो. वर्गमूळ आलं, त्याच्या पोटात वजाबाकी आली, आणि गणित शेजारच्या फरशीत घुसलं. मास्तर खाली बसले. त्यांनी ते सगळं तळहातानं पुसलं आणि क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग बरोबर शंभर, एवढंच ठेवलं. म्हणाले, य ला बाहेर ओढून काढायची गरज नाही. तो आत आहे तिथंच असू द्या, क्षच्या गळ्यात गळा घालून. दोघांना तसंच चालवा. मग त्यांनी दोन ओळींत उत्तर काढलं. वरचं टोक पाऊण हाताच्या वेगानं खाली येतंय. "मोकळं करून मगच मोजायचं, असं न्हाय," ते म्हणाले. "बांधलेल्याचा बी वेग निघतो." एवढं बोलून त्यांनी त्या फरशीवरून नजर काढली नाही. मला वाटलं गणितातच काही चुकलंय, म्हणून मी पुन्हा तपासायला लागलो.

नुसत्या खडूवर त्यांचं समाधान होत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शाळेतून शिडी आणली, आमच्या खोल्यांच्या भिंतीला लावली आणि तिचा पाय सावकाश, एकाच वेगानं ओढायला लागले. मला वरच्या टोकाकडं बघायला उभं केलं होतं. टोक आधी हळूहळू आलं, मग जरा जोरात, आणि शेवटचा हातभर राहिला तेव्हा असं धाडकन आलं की घरमालकाच्या रांजणाचा काठच उडाला. घरमालक ओरडत बाहेर आला. मास्तर शिडीचा पाय धरून बसलेले, चेहऱ्यावर कमालीचा आनंद. "बघितलं न्हवं? म्या तेवढाच ओढतोय, पर ते कसं धावलं शेवटाला." रांजणाचे पैसे त्यांनी भरून दिले, पण घरमालकालाही त्यांनी तो वेग समजावून सांगितल्याशिवाय सोडलं नाही.

एका शुक्रवारी त्यांनी मला गावाबाहेरच्या एका मळ्यावर नेलं. मोट चालू होती. विहिरीच्या वर चाक, चाकावरून बैलांच्या जुवापर्यंत नाडा, म्हणजे जाड दोर, आणि बैल धावेच्या उतारावर चालत निघाले की खालून मोट वर यायची. मास्तरांनी मळेवाल्याची परवानगी घेऊन नाड्याला हाता-हातावर तांबड्या चिंध्या बांधल्या. मग स्वतः शेरवानीसकट धावेवर उतरले आणि बैलांच्या पुढं उलट्या पावलांनी चालत, ओंदु, एरडु, मूरु, असं मोजायला लागले. बैलांनी आजवर कुठल्याच मास्तराला असं समोरून उलटं चाललेलं बघितलं नव्हतं. ते जागच्या जागी थांबले. मळेवाला शांतपणे म्हणाला, "मास्तर, आमच्या बैलाला कानडी कळत न्हाय." मास्तर इतके हसले की त्यांना धावेवरच बसावं लागलं.

मग त्यांनी मळेवाल्याला विचारलं, की बैल सारख्याच चालीनं चालतात, तर मोटही सारख्याच चालीनं येते का? तो म्हणाला, कशाची येतेय. बैल चाकाजवळ असले की दोन पावलं टाकून बी मोट जागची हालत न्हाय; लांब गेले की मग बैलासंगं येती. दीड महिना मी जे फरशीवर गिरवत होतो, ते या माणसानं विडी पेटवता पेटवता सांगून टाकलं. मास्तरांनी त्याला वाकून नमस्कार केला. परतताना वाटेत मला म्हणाले, की जवळ असणाऱ्याचं ओढणं दिसत नाही, कळत नाही, लांब गेलं की कळतं. उमरग्याबद्दल बोलतात की मोटेबद्दल, हे मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. त्या काळात मी त्यांना घरचं काही विचारायचं टाळत असे. त्यांची सुटका माझ्या डोक्यावर अवलंबून होती आणि माझं डोकं मला माहीत होतं.

पहिल्या वर्षी मी नापास झालो. मास्तरांनी निकालाचा कागद हातात घेतला, वाचला, आणि दुसऱ्या दिवशी सहाला दार वाजवलं. रागाचा एक शब्द नाही. त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं. शिव्या दिल्या असत्या तर मला रडता आलं असतं. त्या वर्षी उन्हाळ्यात ते घरून परतले तेव्हा मी विचारलं, घरचे काय म्हणाले? "काय म्हणणार," ते म्हणाले. "पुढच्या साली येतो, म्हणून सांगितलं."

आणि पुढच्या साली मी पास झालो. नुसता पास नाही, गणितात इतके चांगले गुण पडले की माझा माझ्यावर विश्वास बसेना. बातमी आली तेव्हा मास्तर नववीच्या वर्गात होते. शिपायानं जाऊन सांगितलं. ते बाहेर आले, व्हरांड्यात मला बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वर्ग सोडून माझ्यापर्यंत चालत आले. माझा हात धरला. त्यांचा हात खडूनं भरलेला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी पत्र टाकलं. साहेबांनीही शब्द पाळला. अर्ज खणातून काढला, नवा कागद तयार करायला कारकुनाला सांगितलं.

त्याच आठवड्यात मला हैदराबादहून टपाल आलं. गणितातल्या गुणांवर बी.ए. साठी वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती. जेवणखाण, राहणं, सगळं. फक्त माझ्या गणिताच्या शिक्षकाची शिफारस जोडायची होती.

ते टपाल मी चार दिवस ट्रंकेत ठेवलं. हे मी आज लिहितोय, पण तेव्हाचे ते चार दिवस मला नीट आठवतही नाहीत. सकाळी सहाला सवयीनं जाग यायची आणि पलीकडच्या खोलीत मास्तरांच्या पावलांचा आवाज यायचा, एवढं आठवतं. मला जायचं होतं. धाराशिवच्या त्या शाळेत मास्तरांच्या जागी उभं राहायचं, दरवर्षी हार घालून घ्यायचा आणि अर्ज खणात जाताना बघायचा, या विचारानं माझा जीव घुसमटत होता. पाचव्या दिवशी मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. म्हणालो, तुम्ही नको म्हणत असाल तर नाही जात. हे मी अशा आवाजात म्हणालो, की कुठल्याही शहाण्या माणसाला ते नको म्हणणं अशक्य व्हावं. मास्तर शहाणे होते.

त्यांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. फरशीकडं बघत राहिले.

"चूक माझी हाय, तेरकर," ते म्हणाले. "म्या हिशेब मांडला, आन त्यात तुमाला आधीच पक्का आकडा म्हणून घालून बसलो. तुमी बी चालता, हे ध्यानातच न्हाय आलं."

मी काहीतरी बोललो. काय, ते सांगण्यासारखं नाही. त्यांनी खिशातून खडू काढला, परत ठेवला, आणि मग टाक-दौत मागितली. शिफारस त्यांनी तिथंच बसून लिहिली, सुरेख उर्दूत, एकही खाडाखोड न करता. ती बेताची लिहिली असती तरी चाललं असतं. वजीफा दुसऱ्या कुणाला गेला असता आणि ते पंधरा दिवसांत उमरग्याला पोचले असते. त्यांनी लिहिलं, की या विद्यार्थ्याला एक चूक मला दोनदा दाखवावी लागली नाही. हे साफ खोटं होतं. गणिताच्या बाबतीत त्यांनी लिहिलेलं खोटं वाक्य मला एवढं एकच माहीत आहे.

साहेबांनी माझा राजीनामा घेतला, मास्तरांचा नवा कागद बघितला आणि तो खणात ठेवला. त्यांचं तरी काय चुकलं? शाळेत पुन्हा माणूस नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी मास्तर मोटार-अड्ड्यावर आले. हातात एक पत्र आणि मुलीसाठी कापडाचा तुकडा. धाराशिवहून नळदुर्ग, तिथून हैदराबादच्या रस्त्याला, म्हणजे वाटेत उमरगा लागतंच, तेवढं घरी पोचतं करा म्हणाले. मोटार सुटायला वेळ होता, पण शाळेची घंटा व्हायची होती. ते मला म्हणाले, हैदराबादला पावसात छत्री लागते, छत्री घ्या. मग वळले आणि पोक काढून भराभरा चालायला लागले, पहिल्या तासाला उशीर झालेल्या माणसासारखे. एकदाही मागं बघितलं नाही. त्यानंतर मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. बदली पुढं झाली, पण तोवर आणखी तीन वर्षं गेली आणि वडील राहिले नव्हते. हे मला कुणाकडून तरी कळलं. मी पत्र लिहायला बसायचो आणि पहिली ओळ सुचायची नाही.

पण त्या दिवशी उमरग्याला मी गेलो होतो. पेट्रोलच्या टंचाईमुळं मोटारी तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालत. ड्रायव्हर खाली उतरून मागची भट्टी साफ करायला लागला आणि म्हणाला, तासभर लागेल. बाजारामागं बंद दुकानाशेजारी घर सापडलं. इरकली लुगड्यातली, कपाळाला भस्म लावलेली एक बाई पिठाच्या हातांनीच दारात आली. मी धाराशिवहून आलो, तेरकर, असं म्हणताच तिचा चेहरा उजळला.

"तुमीच व्हय ते. या, आत या. तुमी पास झाला म्हणून कळलं, तवा आमी गल्लीत पेढे वाटले."

आत वळून तिनं म्हाताऱ्याला कानडीत मोठ्यानं काही सांगितलं. खाटेवरचा त्यांचा डावा हात उचलला गेला, मला जवळ या म्हणत होता. सहा-सात वर्षांची मुलगी खांबाला धरून उभी होती. मी पत्र दिलं. बाईंनी ते उघडलं, उलटसुलट केलं. म्हणाल्या, नेहमी कानडीत लिहितात, शेजारचे अण्णा वाचून दाखवतात. हे मराठी दिसतंय, तुमीच वाचा.

मास्तरांनी ते पत्र मराठीत मुद्दाम लिहिलं, की मी वाचायला असेन तर मराठी सोयीचं पडेल इतक्या साध्या विचारानं लिहिलं, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी वाचलं. तीर्थरूप अप्पांना शरणार्थ. यंदा कायमचं येणं होत नाही. यात साहेबांचा दोष नाही, शाळेत गणिताला माणूस नाही. पुढच्या साली नक्की येतो. पत्र आणणारे तेरकर. यांनी माझ्यासाठी दोन वर्षं पहाटे उठून कष्ट केले आहेत, यांना उपाशी जाऊ देऊ नये.

बाई ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तुमी पास झाला न्हवं?"

"झालो."

"मग माणूस न्हाय कसा?"

मी सांगितलं, मी हैदराबादला चाललोय, शिकायला. खाटेवरचा हात अजून तसाच वर होता. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. बाई आत गेल्या. मला वाटलं आता उठावं, पण तेवढ्यात ताट आलं. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही. मुलीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी जेवलो. नको म्हणायचं मला धाडस झालं नाही. पत्रात तसं लिहिलं होतं. बाई समोर बसून वाढत राहिल्या, एकदाही आवाज चढवला नाही.

तिकडं मोटारीचा भोंगा वाजला. मी हात धुऊन निघालो, तेव्हा पत्र ओट्यावरच पडलं होतं. मी ते उचलून बाईंपुढं धरलं. त्यांनी घेतलं नाही.

"असू द्या तुमच्यापाशीच," त्या म्हणाल्या. "आमाला पाठ हाय."